हेडक्लार्कला पालवी

३ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद. नात्याने मोठी आहे म्हणून द्यावे लागतात, म्हणून दिले.

हे पत्र समेटाचं नाही, आधीच सांगते. सप्टेंबरात सामान बांधताना तू जे बोललीस आणि त्यावर मी जे बोलले, त्यातला माझा एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. मामंजींना तुम्ही तिकडे नेतो म्हणालात, मी नाही म्हटलं, आणि आज विचारलंत तरी नाहीच म्हणेन. फोन केला तर दोन मिनिटांत आपली जुंपेल, म्हणून कागद घेतला. काम मामंजींचं आहे.

त्यांची नजर आता गेल्यातच जमा. उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते, बस. तीन मजले उतरणंही बंद झालंय. फोन कानाला लावला की त्यांना नुसती घरघर ऐकू येते, त्यामुळे भाऊजींचा फोन आला तरी ते 'बरं, बरं' म्हणून ह्यांच्या हातात देतात. दिवसभर खुर्चीत असतात आणि संध्याकाळी चहाचा कप हातात आला की मला विचारतात, "हं सूनबाई, गल्लीची काय बातमी?"

ही सवय तू लावलीस. ऑफिसातून येताना गल्लीतल्या अकरा झाडांची खबर आणायचीस आणि चपला काढायच्या आत त्यांना सांगायचीस. मी आत पोळपाटाशी नाहीतर शिलाई मशीनशी असायचे. तुम्हा दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि माझी सुई बोटात जायची. सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून 'बाबा' म्हणणारी तू. मी सव्वीस वर्षं मामंजीच म्हणते. तुला त्यांनी चिमणी हे नाव ठेवलं, मी आपली सूनबाई. असो.

पहिले काही महिने मी 'सगळं ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेली. परवा म्हटलं आपणही जरा रंगवून सांगू. ठोकून दिलं, "फोरमन फुलांनी नुसता लगडलाय, मामंजी."

त्यांनी कप खाली ठेवला. "फोरमनला फुलं? या महिन्यात? सूनबाई, तू गल्लीत गेली होतीस की खिडकीत?"

त्या दिवशी अर्धंच जेवले. छापखान्यातल्या माणसांची नावं झाडांना देण्याची हौस त्यांची, पण फोरमन कोणता आणि हेडक्लार्क कोणता हे ठाऊक फक्त तुम्हा दोघांना. मी सव्वीस वर्षं या गल्लीत राहते, तू सहा राहिलीस, आणि गल्लीचा नकाशा तुझ्याकडे. तेव्हा यादी पाठव. कोणतं झाड कोण, कुठे आहे, कोणत्या महिन्यात काय करतं. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी जाऊ

२१ फेब्रुवारी

धाकटे,

पाकीट पोचलं. यादी मागितली होती, तू बारा पानं पाठवलीस. अक्षर तेच, मोत्यांसारखं. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलींचं असतं तसं. मला त्या मुलींचा तेव्हाही राग यायचा.

यादी पिशवीत घालून गल्लीतून एक फेरी मारली. फोरमन म्हणजे कोपऱ्यावरचं ते अवाढव्य, ज्याच्या मुळांनी फरशी उचललीय. टायपिस्टबाई म्हणजे दवाखान्यासमोरची. तिच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खडखडतात. मी इतकी वर्षं समजत होते की दवाखान्याची पाटी सैल झालीय. शिपाई आपल्याच जिन्यासमोर, लोखंडी जाळीत उभा. आणि हेडक्लार्क पार त्या टोकाला, वळणापलीकडे, लाँड्रीसमोर, उंच आणि सडपातळ. तू लिहिलंयस तसाच निघाला, सगळी पानं एकदम टाकून रजेवर गेलेला.

मी यादी धरून वर बघत होते, तेवढ्यात लाँड्रीवाला बाहेर आला. "काय वहिनी, आज तुम्ही? धाकट्या वहिनींच्या झाडाला बघायला आलात का?" मग पुढचा पाव तास माझं काय चुकलं म्हणून मला तुझी गाथा ऐकावी लागली. गटार खणताना याची अर्धी मुळं तुटली होती, त्याच्या नळावरून तू वर्षभर बादल्या वाहिल्यास, पालिकेचा माणूस करवत घेऊन आला तर तू खोडाला पाठ लावून उभी राहिलीस. मला हे सगळं ठाऊक आहे. त्या वर्षभर मामंजींच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळत होतं, ते मात्र लाँड्रीवाल्याला ठाऊक नाही. औषधाच्या गोळीखाली कुणी सावलीला उभं राहत नाही ना.

तू मामंजींना लिहिलेलं पान मी त्यांना वाचून दाखवलं. यादीची पानं नाही दाखवली. ती मी रोज एक-एक पुरवते. सकाळी पान वाचायचं, खाली जाऊन झाड बघायचं, संध्याकाळी सांगायचं. काल म्हटलं, "टायपिस्टबाईंचं काम वाढलंय, मामंजी, दुपारभर खडखडाट." इतके हसले की चहा सांडला. "नजर तयार झाली तुझी," म्हणाले. नजर तुझी आणि पाय माझे, हे त्यांना सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.

आणि शेवटच्या पानावर तो लाल शाईतला हुकूम: 'कोणत्याही झाडावर पालिकेची नोटीस दिसली तर सात दिवसांच्या आत हरकतीचा अर्ज द्यायचा. नमुना तुमच्या शिवणाच्या कपाटात, तिसऱ्या कप्प्यात. हेडक्लार्कसाठी दोनदा दिला आहे, दोन्ही वेळा तो वाचला.' माझ्या कपाटात! माझ्या अस्तराच्या कापडांखाली! घर सोडून गेलीस तरी माझ्या कप्प्यात तू आहेसच.

तुझी जाऊ

१४ मार्च

धाकटे,

आज तुला एक गोष्ट सांगणार आहे जी तुझ्या बारा पानांत नाही.

शिपायाची लोखंडी जाळी आठवते? रोप लहान असताना लावलेली. झाड वाढलं, जाळी तेवढीच. मी गेल्या आठवड्यात जिन्यात बसून एका पॅंटची कंबर सैल करत होते. समोर पाहिलं तर शिपायाची गत अगदी त्या पॅंटच्या मालकासारखी. वरचं कडं सालीत रुतलंय आणि साल त्याच्यावरून ओघळून आलीय. सहा वर्षं तू रोज त्याच्या शेजारून जिना चढलीस. तुझ्या लक्षात नाही आलं. माझ्या आलं.

मी टेप घेऊन खाली गेले आणि माप घेतलं. मग ग्रिलवाल्याला बोलावलं. तो गॅसची नळकांडी घेऊन आला. मी म्हटलं, "आग नको, साल जळेल. हाताने काप." तो कुरकुरत करवतीने कापायला लागला. तीन कडी सुटली. चौथं सालीने गिळलंच होतं, ते तो ओढून काढायला निघाला. मी त्याचा हात धरला. जुन्या शिवणीतला दोरा असा ओढला तर कापड फाटतं, तीस वर्षांत एवढं मला कळलंय. दोन्हीकडून कापून मधला तुकडा आत तसाच राहू दिला. बरोबर केलं ना? विचारत नाही, सांगतेय.

मामंजींना सांगितलं तर खुर्चीत पुढे सरकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ती जाळीची गोष्ट पुन्हा सांग." आज परत तेच. हल्ली विसरायला लागलेत बहुतेक.

आता लाँड्रीवाल्याचं ऐक. त्याला ही बातमी लागली तर म्हणतो कसा, "धाकट्या वहिनींनी फोनवर सांगितलं असेल, नाही का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माप मी घेतलं, ग्रिलवाल्याशी हुज्जत मी घातली, हाताला फोड मला आले, आणि कौतुक शेकडो मैलांवर बसलेल्या तुझ्या पदरात. त्याच्याकडचे धुतलेले कपडे न घेताच मी परत फिरले. होय, पोटात दुखतं माझ्या. मोठी आहे म्हणून दुखू नये असा काही नियम नाही.

तू हेडक्लार्कची चौकशी केलीस. ठीक आहे. अजून रजेवर. हल्ली लोक खांबांवर, झाडांवर, भिंतींवर वाट्टेल ते कागद चिकटवतात. येता-जाता सगळे कुठे वाचत बसायचे.

तुझी जाऊ

७ एप्रिल

धाकटे,

पत्र यायला उशीर झाला म्हणून विचारलंस. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मार्चच्या शेवटी तर एक दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत मशीन बंद केलं नाही. मामंजी म्हणाले, "आज काय सगळ्या गावाचे कपडे फाटलेत का?" बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं त्यांना.

तुझं नवं पान वाचून दाखवलं. 'बाबा, हेडक्लार्क आता कामावर रुजू झाला असेल. पालवी आठच दिवस तांबूस राहते, आरपार उजेड दिसतो, मग हिरवी पडते. जाऊबाईंना बघायला सांगा.' हे त्यांच्या नावाचं पान होतं, गाळता आलं नाही. लगेच म्हणाले, "बघितलीस का?" मी म्हटलं, "बघितली ना. तांब्याच्या भांड्यासारखी चमकते."

"मग एक पान आण. हातात घेऊन बघतो."

आणलं. त्यांनी ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवलं, कडेवरून नख नेलं, देठ चाचपला. माहीतच आहे तुला, चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेली बोटं ती. मग 'हं' म्हणाले आणि पान शर्टाच्या खिशात ठेवलं. मला मात्र जेवण गेलं नाही. ऊन फार आहे, त्याने होत असेल.

मे महिन्यात येते म्हणालीस. येऊ नकोस. घराला रंग द्यायचाय, सगळं सामान मधोमध ओढलेलं असणार, झोपायला जागा नाही. पावसाळ्यानंतर बघू. खरं तर इथे तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. मामंजी बरे आहेत, झाडं बरी आहेत.

तुझी जाऊ

२३ एप्रिल

धाकटे,

हेडक्लार्क नाही. एकोणतीस मार्चला तोडला. वळणावरच्या दुकानदाराला गाडी आत घ्यायला त्याची अडचण होत होती.

मी मामंजींना दिलेलं पान शेजारच्या कुंपणातल्या झाडाचं होतं. ते त्यांना बोटं लावताच कळलं होतं. परवा मी चेन आणि बटणं आणायला बाहेर गेले, तेव्हा लाँड्रीवाला चादरी घेऊन आला. मामंजी त्याला म्हणाले, "मला खाली ने." त्याचा दंड धरून तीन मजले उतरले, अख्खी गल्ली चालले, टोकाला पोचले. बुंध्याचा जो भाग उरलाय त्यावर ते बसले, म्हणे. कापलेल्या जागेवरून हात फिरवला, कोणत्या तारखेला तोडलं ते विचारलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

मला यातलं काहीच ठाऊक नाही. मी आले, चहा केला. "हं सूनबाई, गल्लीची काय बातमी?"

मी म्हटलं, "हेडक्लार्कची पालवी आता पार हिरवी पडली, मामंजी. तांबूसपणा उतरला."

"छान," म्हणाले, आणि चहा संपवला.

काल सकाळी लाँड्रीवाल्याने मला जिन्यात गाठलं. "वहिनी, काका तिथे बसून राहिले हो. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?" मी काहीतरी पुटपुटले. मग तो म्हणाला, "नोटीस लागली तेव्हा मी निवांत होतो. म्हटलं, ज्या बाईने शिपायाची जाळी काढायला लावली, ती काय सोडतेय? अर्ज गेलाच असणार." कळलं का तुला? ज्या आठवड्यात मी त्याच्यावर चिडून तोंड फिरवलं, त्याच आठवड्यात तो माझ्या भरवशावर स्वस्थ बसला होता.

वर आले आणि मामंजींसमोर उभी राहिले.

"तुम्ही परवा खाली गेला होतात."

"गेलो होतो."

"मग मला खोटं का बोलू दिलंत?"

"बघत होतो, नसलेल्या झाडाला किती दिवस पाणी घालतेस ते."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "एवढंच नाही. आधीच्याही सगळ्या बातम्या चिमणीच्या होत्या. तिने यादी पाठवलीय."

"ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं ऐकलीय मी तिला. तिचं बोलणं तुझ्या तोंडून आलं तरी तिचंच राहतं. शिपायाची जाळी तेवढी तुझी होती. चार वेळा सांगायला लावली ती काय विसरलो म्हणून? तुझी पहिली बातमी होती ती. पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटली."

मी मशीनच्या स्टुलावर बसले. जे मला सव्वीस वर्षं हवं होतं ते चार संध्याकाळी समोरून मिळत होतं, आणि मी समजत होते म्हातारपण झालंय.

मग म्हणाले, "तिला लिही. लिहून झालं की मला वाचून दाखव." दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "अर्ज का दिला नाहीस, ते राहिलं." मी लिहिलं होतं की कामाच्या गडबडीत विसरले. ते खोडलंय, तुला खाडाखोड दिसेल.

खरं असं आहे. नोटीस दहा मार्चला लागली. मी ती त्याच दिवशी वाचली, दोनदा वाचली. चौदा तारखेला तुला जाळीचं पत्र लिहिलं, तेव्हा तीन दिवस शिल्लक होते. अर्जाचा नमुना कपाटातून काढून मी मशीनवर ठेवला होता. नुसती तारीख घालून सही करायची होती. सही करायला घेतली आणि मनात आलं, अर्ज मी देणार, झाड वाचणार, आणि लोक म्हणणार धाकट्या वहिनींचं झाड वाचलं. असं एक तरी झाड या गल्लीतून जाऊ दे, ज्याच्याकडे बघून तुझी आठवण निघते. कागद परत अस्तराखाली सरकवला. करवतीच्या दिवशी मशीन चालवत बसले ते मामंजींना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मलाही.

आता गंमत ऐक. झाड होतं तेव्हा लोक सावलीतून सरळ निघून जायचे. वर बघायला कुणाला वेळ होता? आता तिथे ऊन लागतं, म्हणून प्रत्येक जण थांबतो, कपाळावर हात धरून त्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि तुझं नाव काढतो. दिवसातून दहा वेळा. मीच करून ठेवलंय ते.

रंगकामाचं खोटं होतं. मे महिन्यात ये, मामंजी वाट बघतायत. मला काय बोलायचं ते दारात बोल, जिन्यात बोल, सगळ्या गल्लीसमोर बोल. मी माफी मागत नाही. मागितली की तू द्यायला बसशील आणि पुन्हा चांगली तूच ठरशील.

फक्त एक कर. फेब्रुवारीपासून मी तुला चार पत्रं लिहिली. तू प्रत्येकाचं उत्तर दिलंस, आणि प्रत्येक पाकिटावर मामंजींचं नाव घातलंस. यादीसुद्धा त्यांच्याच नावाने आली. पोस्टमन देऊन गेला की मी दर वेळी आधी नाव बघते. यावेळी शिव्या लिही, चार ओळी लिही, नाहीतर कोरा कागद घाल. पण पाकिटावर नाव माझं लिही.

तुझी जाऊ